जुन्या गाडीवर तोरणमाळ: निघण्याआधी या चुका टाळा

धुळ्याहून सातपुड्यातल्या तोरणमाळला जुनी शंभर सीसीची गाडी काढायची असेल, तर काम आदल्या संध्याकाळी उरकू नका. नवी क्लच वायर सुरुवातीला ताणते, नवे ब्रेक लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो, उघडलेला एखादा नट ढिला राहून जातो. आठ दिवस आधी गाडीचं काम करून घ्या, दोंडाईच्यापर्यंत एक फेरी मारा आणि मग सगळीकडे पुन्हा पाना लावून बघा.

गाडी मध्येच बंद पडली की आपण आधी प्लग काढतो. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल ओलांडल्यावर मीही तेच केलं. प्लग पुसला, गाडी चालू झाली, थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. ढकलत, थांबत शहादा गाठलं. तिथले मिस्तरी म्हणाले, "भाऊ, टाकीनं झाकण उघाडी दखा." उघडलं तर स्स करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीनं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत हवा यावी लागते; ती आली नाही की कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. थोडा वेळ थांबलं की गाडी आपोआप चालू होते, म्हणून प्लगचीच शंका येत राहते. ते छिद्र घरीच बारीक तारेनं मोकळं करा. एअर फिल्टरही त्याच दिवशी बघा, आपल्याकडची काळी माती फार बारीक उडते.

चेन आवाज करते म्हणून ती कचकचीत ताणणं ही दुसरी चूक. दोघं बसून, सामान लादून गाडी दबली की ती आणखी ताठ होते आणि बेअरिंग खाते. मधोमध दोन-अडीच सेंटीमीटर खेळ ठेवा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी वाढलेली नसते. चेन बदललीच तर ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चक्रंही बदला.

पॅचवर पॅच मारलेली ट्यूब मे महिन्याच्या तापल्या डांबरावर टिकत नाही. सरळ नवी घाला.

परत घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे खूप दिसतात. कृपा करून हे करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. दुसऱ्या गिअरमध्येच उतरा.

क्लच वायर, प्लग, फ्यूज आणि पाने डिकीत ठेवा. शहाद्यापुढचं म्हसावद सोडल्यावर मिस्तरी भेटेल, या भरवशावर राहू नका.