जॅक-प्लेटा चोरीला जाऊ नयेत म्हणून

साताऱ्यात कोडोलीच्या बाजूला आमचं काम चालू आहे. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतताना खालून दिलेला लोखंडी प्लेटांचा आणि उभ्या टेकूंचा (जॅकचा) आधार, खोलून मोजलं की दर वेळी दोन-चार जॅक कमीच. भंगारवाल्याकडे दिसले तरी ते आपलेच हे दाखवणार कसं?

१. प्रत्येक जॅकला वीतभर पट्टा मारा, पण रंग कुणाचाच नसेल असा. लाल-निळा सगळेच मारतात. आम्ही गुलाबी घेतला. मिस्त्री आठवडाभर हसत होता.

२. रंग खरवडता येतो. म्हणून जॅकच्या तळाच्या चौकोनी पत्र्यावर लेटर पंचने (अक्षर उमटवायचा लोखंडी ठसा) आपली आद्याक्षरं ठोका. प्लेटांना कडेच्या अँगलवर.

३. कटर, ब्रेकर, व्हायब्रेटर यांच्या सीरियल नंबरचे फोटो बिलासोबत मोबाइलमध्ये ठेवा. तक्रार देताना शोधाशोध होत नाही.

जवळच्या भंगारवाल्यांना गुलाबी पट्टा आधीच दाखवून ठेवला, त्याचा उपयोग वॉचमनपेक्षा जास्त झाला.

पंच मात्र जॅकच्या नळीवर किंवा आट्यांवर मारू नका. नळी चेपली की आतला पाइप अडकतो, आणि स्लॅबच्या वजनाखाली तो जॅक भरवशाचा राहत नाही.