दोन फुटी टाकीतून चार फुटीत: आधी काय काय करून ठेवायचं

आमच्या दोन ओरांडा गोल्डफिशना आता दोन फुटी टाकी पुरत नाही. वळताना शेपटी काचेला घासते. महिन्याभराने ते चार फुटी टाकीत जातील, आणि त्याची तयारी आजच सुरू केली आहे. यादी लिहायला घेतली ती घरासाठी, पण प्रत्येक कामामागचं कारणही लिहून ठेवतो, म्हणजे टाकी बदलणाऱ्या इतरांनाही ती वापरता येईल.

यादीतलं पहिलं काम जुन्या टाकीतच करायचं आहे. नव्या टाकीसाठी आणलेला मोठा स्पंज फिल्टर आजच जुन्या फिल्टरच्या शेजारी लावायचा आणि चार ते सहा आठवडे तिथेच चालू ठेवायचा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट थोडेसेही माशांना बाधतात; नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदलून आटोक्यात ठेवता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात म्हटलं तरी चालेल. त्यांचं घर स्पंजमध्ये, खडीवर, काचेवर. म्हणून जुनं पाणी बादल्या भरभरून नव्या टाकीत ओतल्याने जिवाणू फारसे येत नाहीत. वापरलेला स्पंज नेला की मात्र अख्खी वसाहत सोबत येते. नवी टाकी आठ दिवस माशांविनाच चालवून ‘तयार’ करणारे पुष्कळ जण दिसतात. त्या आठ दिवसांत तिथल्या जिवाणूंना खायला काय होतं, एवढाच विचार करावा.

हे मी फार महागात शिकलो. पहिल्यांदा टाकी बदलली तेव्हा सगळं लख्ख असावं म्हणून जुना स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. क्लोरीनच्या पाण्याने उरलेसुरले जिवाणूही गेले. आठवड्याच्या आत चारपैकी तीन मासे वर येऊन धापा टाकत गेले, आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. तेव्हापासून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा हलका दाबून, बस.

याच महिन्यात जुन्या टाकीचं पाणी दर आठवड्याला पाव हिस्सा बदलायचं. पाणी बरेच दिवस बदललं नाही की ते हळूहळू आम्लाकडे झुकतं, आणि नळ तोच असला तरी दोन टाक्यांच्या पाण्यात मोठा फरक पडतो. दर आठवड्याला थोडं बदलत गेलं की माशांना नवं पाणी परकं वाटत नाही. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते धरणाच्या पाण्यापेक्षा बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं. टाकी भरायची त्या दिवशी कोणतं पाणी आलंय, हे वॉचमनला विचारून घ्यायचं.

मग जागा. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच म्हणजे 9 घनफूट, काठोकाठ भरली तर सुमारे 255 लिटर. काठाखाली दोन इंच सोडले तरी पाणीच सव्वादोनशे किलो, 10 मिलिमीटर काचेचे पन्नासेक, वर खडी आणि स्टँड. एकूण तीनशेच्या वर. बाल्कनीत ही टाकी नको, जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर तर मुळीच नको. बैठकीत, भक्कम भिंतीला लागून, खाली तुळई असेल तिथे ठेवायची. शंका असेल तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारण्यात कमीपणा नाही. ऊन थेट पडणारी खिडकी टाळायची, नाहीतर पाणी तापतं आणि काच शेवाळाने हिरवी होते. स्टँडवर पाणसळ लावून दोन्ही दिशांनी बघायचं, मग थर्माकोल, मग टाकी. भरून दोन दिवस तशीच ठेवायची आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवून गळती तपासायची. स्टँडवर बसल्यावर भरलेली टाकी एक इंचही सरकवता येत नाही, तेव्हा मागे प्लगसाठी हात जाईल एवढी जागा आधीच सोडायची.

सामान एका दिवसात आणू नये. हवं ते असं: माशांखेरीज कशालाही न वापरलेल्या दोन बादल्या (साबण लागलेली एकही नको), सायफनची नळी, हवेची बारीक नळी, अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध), अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट, थर्मामीटर, झाकण, जुने टॉवेल आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. शेवटची वस्तू लोक टाळतात. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात आणि स्पंजमधले जिवाणूही. पुण्यात हे काम गुरुवारी काढूच नये. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद राहते ती बहुधा त्याच दिवशी.

आदल्या दिवशी नवी टाकी धुतलेल्या नव्या खडीसकट भरायची. अँटिक्लोरीन बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात, पण टाकीतल्या सगळ्या पाण्याच्या हिशेबाने घालायचं. रात्रभर हवा सोडून ठेवली की पाणी खोलीच्या तापमानाला येतं. दोन्ही टाक्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. त्या दिवशी माशांना खाणं द्यायचं नाही.

सकाळी खडीला हात लावण्याआधी जुन्या टाकीचं वरचं नितळ पाणी बादलीत घ्यायचं. खडी ढवळली की वर येणारी घाण त्यात नको. ओरांडा जाळ्याने धरायचा नाही. डोक्यावरचा मऊ टोप आणि लांब पर जाळ्याला घासून फाटतात. पाण्यात प्लास्टिकचा डबा आडवा बुडवून त्याला हलकेच आत वळवायचं. ज्यांच्याकडे सकर मासा आहे त्यांनीही हेच करावं, त्याचे काटे जाळ्यात अडकतात. बादलीवर टॉवेल टाकायचा, आत हवा सोडायची.

मग दोन्ही फिल्टर ओलेच्या ओले, काही मिनिटांत नव्या टाकीत नेऊन चालू करायचे. जुनी खडी त्याच टाकीच्या पाण्यात हलकी विसळून कांद्याच्या धुतलेल्या जाळीदार पिशवीत भरायची आणि नव्या खडीवर ठेवायची. महिन्याने काढून टाकता येते. एवढं होईपर्यंत हवेच्या नळीला सैल गाठ मारून नव्या टाकीचं पाणी माशांच्या बादलीत थेंब थेंब सोडायचं, सेकंदाला तीन-चार थेंब. पाऊण तासात मासे सोडण्याजोगे होतात. बादलीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. झाकण बंद, दिवा बंद, आणि घरातल्या लहानांना काचेवर टकटक करू न देणं हेही यादीत आहे.

दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं. पुढचे पंधरा दिवस रोज किट लावायचं. अमोनिया किंवा नायट्राइटचा रंग शून्याच्या वर जरासा जरी सरकला तरी पाव टाकी पाणी बदलायचं आणि खाणं थांबवायचं. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसतात का, पर मिटून मासे कोपऱ्यात बसतात का, हे सकाळ-संध्याकाळ बघायचं. मोठी टाकी रिकामी दिसते म्हणून दीड महिना एकही नवा मासा आणायचा नाही. दोन फुटी टाकी धुऊन माळ्यावर टाकू नका. मोठ्या फिल्टरमागे एक छोटा स्पंज कायम चालू ठेवा. एखादा मासा आजारी पडला की तो स्पंज आणि ही टाकी दहा मिनिटांत तयार होते.