मनात मराठी, कागदावर इंग्रजी: या चुका टाळा

“आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.” हे वाक्य लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणणार नाही. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, अर्थही पोचतो. तरी वाक्य चुकलेलं आहे. “मी इथे तीन वर्षांपासून काम करतोय” हे निर्दोष मराठी वाक्य आधी मनात तयार झालं आणि मग एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावला गेला.

नोकरीचे अर्ज, ऑफिसचे मेल, मुलांचे निबंध कुठलंही काढा, बऱ्याचशा चुका याच जातीच्या निघतात. त्या अज्ञानातून येत नाहीत. मराठीचे नियम काटेकोरपणे पाळून इंग्रजी लिहिल्याने येतात. म्हणून जाड व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्यापेक्षा, आपल्या वाक्यामागे कुठला मराठी शब्द किंवा प्रत्यय उभा आहे ते ओळखणं जास्त उपयोगी पडतं.

‘पासून’ आणि ‘गेलो होतो’

वरच्या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली काळाची. सुरू होऊन अजून चाललेल्या कामासाठी मराठीत वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत “हॅव बीन वर्किंग” लागतं. दुसरी ‘पासून’ची. मराठीत “2021 पासून” आणि “तीन वर्षांपासून” दोन्हीकडे एकच ‘पासून’ आहे. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि किती काळ गेला ते सांगायचं असेल तर ‘फॉर’.

यासाठी एक घरगुती कसोटी आहे. ‘पासून’ काढा आणि ‘झाली’ किंवा ‘झाले’ लावून बघा. “तीन वर्षं झाली” हे बरोबर वाटतं, म्हणून तिथे ‘फॉर’. “दोन दिवस झाले” हेही बरोबर, तिथेही ‘फॉर’. “लहानपण झालं”, “सोमवार झाला” असं या अर्थाने कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे ‘सिन्स’. त्यामुळे दुरुस्त वाक्य: “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.”

‘गेलो होतो’चं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण ते चुकीचं वाटतच नाही. “मी काल मुंबईला गेलो होतो” हे मराठीत अगदी सहज वाक्य. त्यात जाऊन परत आल्याचंही सूचन आहे. त्याचं “आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे” केलं की इंग्रजी वाचणारा थांबतो आणि पुढच्या घटनेची वाट बघतो. इंग्रजीत ‘हॅड’वाला भूतकाळ सहसा दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवलेला असतो: “द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वुई रीच्ड कर्जत.” गाडी आधी सुटली, आपण नंतर पोचलो. मागे-पुढे असं काहीच नसेल तर साधं “आय वेंट टू मुंबई यस्टर्डे”. आपल्याकडच्या ऑफिसच्या मेलमध्ये “आय हॅड सेंट यू अ मेल” हे वाक्य रोज जातं. “आय सेंट यू अ मेल ऑन मंडे” एवढं पुरतं.

“आय अ‍ॅम हॅविंग फीवर”, “आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स” ही तर ओळखीची मंडळी. जवळ असणं, माहीत असणं, आवडणं, समजणं या अवस्था आहेत, चालू असलेली क्रिया नव्हे. तिथे ‘आयएनजी’ जोडायचं नाही. जेवण मात्र चालू असू शकतं, म्हणून “आय अ‍ॅम हॅविंग लंच” बरोबर. “डिड यू वेंट?” हे लिहिताना कमी पण बोलताना फार होतं. ‘डिड’ने भूतकाळ सांगून झालेला असतो, पुढे ‘गो’ पुरे.

‘ला’ म्हणजे नेहमी ‘टू’ नव्हे

शाळेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शिकताना ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘त’ म्हणजे ‘इन’ असं डोक्यात बसतं आणि ते पुढे आयुष्यभर छळतं. “मी तिला विचारलं” याचं “आय आस्क्ड टू हर” होतं. “स्टेशनला पोचलो” याचं “रीच्ड टू द स्टेशन”. दोन्हीकडे ‘टू’ नको. “त्याच्यावर रागावलो” म्हणून “अँग्री ऑन हिम”. इंग्रजीत ‘अँग्री विथ हिम’. “तिचं डॉक्टरशी लग्न झालं” म्हणून “मॅरीड विथ अ डॉक्टर”. हवं ‘मॅरीड टू’. “खोलीत शिरलो” म्हणून “एंटर्ड इन द रूम”. हवं नुसतं ‘एंटर्ड द रूम’. “पगाराबद्दल चर्चा केली” म्हणून “डिस्कस्ड अबाउट सॅलरी”. इथे ‘अबाउट’ गाळा.

आणि नेमकं जिथे ‘टू’ हवा तिथे आपण तो खातो. “एक्स्प्लेन मी धिस” हे चूक, “एक्स्प्लेन धिस टू मी” हे बरोबर. ‘टेल’ला ‘टू’ लागत नाही, पण ‘से’ला लागतो: “आय टोल्ड हर”, पण “आय सेड टू हर”. इथे तर्क चालत नाही. क्रियापद शिकतानाच त्याच्या मागचा शब्द त्याच्यासकट पाठ करावा, याहून सोपा रस्ता निदान मला तरी माहीत नाही.

याच कुळातले आणखी काही: “आज सकाळी” म्हणून “टुडे मॉर्निंग”, हवं ‘धिस मॉर्निंग’. “काल रात्री” म्हणून “यस्टर्डे नाइट”, हवं ‘लास्ट नाइट’. “माझा एक मित्र” मनात असतो म्हणून “वन ऑफ माय फ्रेंड”, पण इथे अर्थ “मित्रांपैकी एक” असा आहे, म्हणून ‘फ्रेंड्स’. इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांना शेवटी ‘एस’ लावू नका.

अ की अ‍ॅन: इथे देवनागरी कामाला येते

इंग्रजीतल्या ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’सारखे शब्द मराठीत नाहीतच, त्यामुळे ते सुटतात किंवा नको तिथे पडतात. पण ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ची निवड मराठी माणसाला खरं तर इंग्रजांपेक्षा सोपी जायला हवी. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही, आणि देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. शब्द देवनागरीत डोळ्यांपुढे आणा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘युनिव्हर्सिटी’ य-ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, स्पेलिंग यू-ने असलं तरी. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ यांच्या स्पेलिंगमध्ये पुढे एच आहे, पण देवनागरीत ते स्वराने सुरू होतात, म्हणून ‘अ‍ॅन’. ‘वन-रुपी कॉइन’ व-ने, म्हणून ‘अ’. संक्षेपांतही हेच: अ‍ॅन एफआयआर, अ‍ॅन एमएलए, अ‍ॅन एसटी बस, अ‍ॅन एमपीएससी एक्झाम, पण अ यूपीएससी एक्झाम. एकच खड्डा आहे. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो, पण त्याच्या सुरुवातीला खरा उच्चार ‘यि’चा आहे. म्हणून वर्षाला ‘अ’ आणि कानाला ‘अ‍ॅन’.

‘द’चं इतकं सरळ नाही, पण भूगोलापुरता थोडा आधार मिळतो. नद्यांना लागतो: द गोदावरी, द कृष्णा. समुद्राला आणि डोंगररांगांना लागतो: द अरेबियन सी, द सह्याद्रीज. एकट्या शिखराला किंवा तळ्याला नाही: कळसूबाई, लोणार लेक. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ नुसतं, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’.

स्वल्पविराम: चिन्ह तेच, सवय वेगळी

आज मराठीत वापरली जाणारी बहुतेक विरामचिन्हं इंग्रजीकडूनच आलेली आहेत. मोडी लिहिताना दोन शब्दांच्या मधेही जागा सोडत नसत. एकोणिसाव्या शतकात छपाई रुळू लागली आणि मेजर थॉमस कँडी यांनी या चिन्हांचे नियम मराठीत मांडले. पण पुढे मराठीने ती आपल्या पद्धतीने वापरली, आणि आता आपण ती पद्धत इंग्रजीत परत नेतो.

सर्वांत ठळक उदाहरण ‘की’चं. “तो म्हणाला, की उद्या सुट्टी आहे.” इथे अनेकजण ‘की’च्या आधी स्वल्पविराम देतात. “ही सेड, दॅट…” असं इंग्रजीत लिहिलं की चूक. ‘सेड’, ‘थिंक’, ‘नो’ (माहीत असणं) यांच्यानंतरच्या ‘दॅट’आधी स्वल्पविराम येत नाही.

दुसरी गोष्ट, “पाऊस थांबला नाही, आम्ही निघालोच नाही” हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली तर परीक्षक हमखास गुण कापतो. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर ‘सो’सारखा जोडशब्द घाला. तिसरी ‘जरी-तरी’ची. मराठीत ही जोडी बहुधा एकत्र येते. म्हणून “दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट” असं लिहिलं जातं. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवा. ‘दो’बरोबर ‘येट’ जुन्या क्रमिक पुस्तकांत सर्रास सापडतं आणि ते चूक नाही, पण आता जुनाट वाटतं. ‘बट’ मात्र चालत नाही.

यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधी स्वल्पविराम द्यायचा का, हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. मराठीत “आंबे, काजू आणि फणस” असं लिहितो, ‘आणि’आधी काही नाही. ब्रिटिश वर्तमानपत्रं बहुधा देत नाहीत, अमेरिकन पुस्तकं देतात. दोन्ही बरोबर, फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. आणि अर्थ डळमळत असेल तर द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा खटला याच कारणाने गाजला. ओव्हरटाइम कुठल्या कामांना लागू नाही याची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी “पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन” असे शब्द होते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. कंपनीच्या मते ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे यादीतलं वेगळं काम होतं. ड्रायव्हर म्हणाले, याचा अर्थ पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणं. आम्ही पॅकिंग करत नाही, फक्त माल पोचवतो, तेव्हा आम्हाला ओव्हरटाइम मिळायला हवा. 2017 मध्ये अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018 मध्ये कंपनीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली.

स्वल्पविरामाने अर्थ बदलतो तो नात्यांतही. “माय ब्रदर, हू लिव्ज इन नाशिक, इज अ टीचर” असं दोन स्वल्पविराम देऊन लिहिलं तर भाऊ एकच आहे. ते काढले तर भाऊ अनेक आहेत आणि त्यांपैकी नाशिकचा शिक्षक आहे. अर्जात किंवा वारसाच्या कागदात हे जपून.

अपॉस्ट्रॉफी, कॅपिटल, मोकळी जागा

‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी? त्या जागी “इट इज” किंवा “इट हॅज” म्हणून बघा. वाक्य टिकलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाही टिकलं तर ‘त्याचं’ या अर्थाचा शब्द आहे, तिथे नको. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांनाही कधीच नको. आणि नुसत्या अनेकवचनाला तर मुळीच नको. ‘फोटोज’, ‘मेनूज’ लिहिताना ‘एस’च्या आधी ते चिन्ह ठोकलेल्या पाट्या गल्लोगल्ली आहेत.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे कॅपिटलच्या बाबतीत आपण दोन्ही टोकांना जातो. वार, महिने आणि भाषांची नावं कॅपिटलने सुरू होतात, ऋतूंची नाहीत. महत्त्वाचा वाटतो म्हणून प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू केला की साधा मेल लग्नपत्रिकेसारखा दिसतो.

स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर सोडायची. टिंबं तीनच, सात किंवा अकरा नव्हेत. आकड्यांकडेही बघा: भारतात साडेबारा लाख 12,50,000 असे लिहितात, पण परदेशी ग्राहकाला पाठवायच्या कोटेशनमध्ये तेच 1,250,000 लिहावं लागतं. पत्राची सुरुवात “डिअर सर” असेल तर शेवट “युअर्स फेथफुली”, नावाने असेल तर “युअर्स सिन्सिअरली”. ही ब्रिटिश रीत आपल्या सरकारी पत्रव्यवहारात अजून पाळली जाते.

ज्या चुका नाहीतच

वाक्य ‘अँड’ किंवा ‘बट’ने सुरू करू नये, असं शिकवलं गेलं असेल तर विसरा, चांगले लेखक पूर्वीपासून करत आले आहेत. वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘टू’ असले शब्द नकोत हा आक्षेप कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये घेतला, आणि तेव्हापासून तो शाळाशाळांतून फिरतोय. “हू आर यू टॉकिंग टू?” हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे.

‘प्रीपोन’ला हसणारे अजून भेटतात. तो शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, भारतात खुशाल वापरा. लंडनच्या माणसाला मेल असेल तर “मूव्ह फॉरवर्ड” म्हणण्यापेक्षा सरळ नवी तारीख कळवा, कारण ‘फॉरवर्ड’ म्हणजे आधी की नंतर यावर तिथेही एकमत नसतं. “रिव्हर्ट बॅक”मधलं ‘बॅक’ फुकटचं आहे, आणि नुसतं ‘रिव्हर्ट’ही भारताबाहेर अनेकांना ‘पूर्वस्थितीला जाणं’ असंच वाटतं, ‘रिप्लाय’ लिहावं. परदेशी नोकरीच्या अर्जात “आय पास्ड आउट इन 2019” असं मात्र चुकूनही लिहू नका. तिकडे त्याचा अर्थ त्या वर्षी तुम्हाला चक्कर येऊन शुद्ध हरपली असा होतो. “आय ग्रॅज्युएटेड इन 2019” लिहा.