बेन किंग्जली बघायचाय? मग या क्रमाने बघा

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा किंग्जली, म्हणजे गांधीजी साकारणारा तो ब्रिटिश नट, शाळेत दाखवलेल्या 'गांधी'वरच संपतो. सुरुवात तिथूनच करा, हरकत नाही, पण १९८२ चा तो पिक्चर आता इतिहासाचा तास म्हणून नाही तर अ‍ॅक्टिंगसाठी बघा. दक्षिण आफ्रिकेतला पास (भारतीयांना सक्तीने जवळ ठेवावी लागणारी ओळखपत्रं) जाळायचा सीन आला की मोबाईल बाजूला ठेवा. पोलीस दांडुका हाणतोय, माणूस खाली पडलाय, आणि तरी थरथरता हात अजून एक कार्ड घेऊन आगीकडे चाललाय. मला तर वाटतं ऑस्कर त्या हातालाच मिळालं. (घरच्यांना पण बसवा, कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी आहेत आणि गोखले डॉ. लागू!)

किंग्जलीचं मूळ नाव कृष्णा भानजी बरं का. जन्म १९४३, यॉर्कशर, वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्लिश. १९६७ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत नाटकं केली, गांधी त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आता महत्त्वाचं, दुसऱ्याच रात्री 'सेक्सी बीस्ट' लावा. मधे काहीही बघू नका, गांधी डोळ्यासमोर ताजे असतानाच हा लंडनचा गुंड डॉन लोगन बघायचा. स्पेनमध्ये निवांत रिटायर झालेल्या जुन्या साथीदाराला एका चोरीसाठी परत न्यायला येतो आणि 'नाही' हा शब्द त्याला कळतच नाही, नुसता खुर्चीत बसला तरी आपल्या पोटात गोळा येतो. दाढी करताना आरशाशी बोलतो तो सीन मी तीनदा मागे घेतला. शिव्या प्रचंड आहेत, त्यामुळे पोरं झोपल्यावर किंवा हेडफोन लावून.

मग 'शिंडलर्स लिस्ट', पण त्यात फक्त ग्लासवर नजर ठेवा. शिंडलर दारू पुढे करतो, अकाउंटंट स्टर्न (हाच किंग्जली) घेत नाही, परत परत घेत नाही. शेवटी घेतो तेव्हा का घेतो ते स्वतःच बघा.

'आयर्न मॅन ३' बघायच्या आधी गूगल करू नका, मजा जाईल, एवढंच सांगतो. पोरांसाठी २०१६ चा 'जंगल बुक' आहे, बघीराचा आवाज त्याचाच, पण इंग्लिशमध्येच लावा हं, हिंदी डबिंगमध्ये तो ऐकूच येणार नाही. 'ब्लडरेन' मात्र कोणी कितीही म्हटलं तरी लावू नका, मी लावला होता.