खरीप मका: पावसाच्या खंडात तग धरणारा वाण ओळखावा कसा
माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत जूनअखेर पेरलेला मका साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, तुऱ्यावर येतो, आणि नेमकी तेव्हाच पावसाने ओढ दिली तर हिरवेगार दिसणाऱ्या रानातही कणसे बोडकी राहतात. ताण पडला तरी तुरा बहुधा वेळेवर येतो. कणसाचे केस मात्र उशिरा निघतात आणि तोवर पराग गळून गेलेले असतात.

ताण सहन करणारा मका तयार करताना पैदासकार मुख्यतः तुरा आणि केस निघण्यातले हेच दिवसांचे अंतर पाहतात. फुलोऱ्याच्या वेळी मुद्दाम पाणी तोडून, तुऱ्यापाठोपाठ दोन-तीन दिवसांत केस काढणारी झाडे ते राखतात, सहा-सात पिढ्या स्वपरागीकरण करून त्यांच्या शुद्ध ओळी, म्हणजे दर पिढीत एकसारखेच गुण देणारे वंश, बनवतात आणि अशा दोन ओळींच्या संकराचे बी आपल्या हाती येते. पुढच्या पिढीत हे गुण फुटून विस्कळीत होतात, म्हणून संकरित मक्याचे घरचे दाणे पेरू नयेत.

पिशवीवर छापलेल्या उत्पादनापेक्षा आपल्या रानातली नोंद अधिक भरवशाची आहे, असे आमचे मत आहे. दोन-तीन वाणांच्या चार-चार ओळी शेजारी-शेजारी पेराव्यात, प्रत्येकातील वीस झाडांना खूण करून तुरा आणि केस निघाल्याची तारीख लिहावी, आणि ज्याचे अंतर ताणातही कमी राहील तोच वाण पुढील हंगामात वाढवावा. सहनशील वाणालाही तुऱ्याच्या वेळी संरक्षित पाणी लागतेच. शेततळ्यातील पाणी त्यासाठीच राखून ठेवावे. उन्हाळी मक्याचे पराग कडक उन्हात वाळतात, म्हणून ती पेरणी जानेवारीतच उरकावी.

अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात आढळली. तिला काही प्रमाणात दाद न देणारे संकर सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 मध्ये आफ्रिकेसाठी जाहीर केले. आपण मात्र वाणावर विसंबून राहू नये. उगवणीपासून आठवड्यातून दोनदा पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) उघडून पाहावेत, एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत, आणि शंभरात दहा झाडे पोखरलेली दिसल्यास क्लोरॅनट्रॅनिलिप्रोल 18.5 एससी हे कीटकनाशक 10 लिटर पाण्यात 4 मिली या प्रमाणात, संध्याकाळी, थेट पोंग्यात जाईल असे फवारावे. मका मूरघासासाठी किंवा ओल्या वैरणीसाठी कापायचा असेल, तर लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय तो जनावरांपुढे टाकू नये.