आम्ल तपासायची पट्टी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी

लिटमसची पट्टी एकदा भिजली की फेकावी लागते. हळदीची सुती पट्टी मात्र धुऊन परत वापरता येते, कारण हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

१. ५० मिली स्पिरिटमध्ये १ चमचा हळद ढवळून १० मिनिटे ठेवा, गाळा.
२. पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा.
३. १ पेला पाण्यात पाव चमचा धुण्याचा सोडा घालून पट्टी क्षणभर बुडवा. ती लाल झाली की टिपून वाळवा.
४. लाल पट्टीवर नमुन्याचा एक थेंब आणि शेजारी साध्या पाण्याचा एक थेंब टाका. आम्ल असेल तर तिथे लगेच पिवळा डाग पडतो.

पाण्याचा थेंब टाळू नका. जास्त पाण्याने सोडा धुपूनही पट्टी पिवळी पडते आणि फसगत होते. सोडा जास्त झाला तर उलट घडते, सौम्य आम्ल त्यातच जिरते. आम्ल किती तीव्र, हे मात्र ही पट्टी सांगत नाही.

परत वापरायला धुवा, सोड्यात बुडवा. साठवताना पिवळीच ठेवा, तीही अंधारात. सोड्यात आणि उन्हात हळदीचा रंग उडतो.

स्पिरिट पेट घेते, जवळ ज्योत नको.