कार्यक्रमाच्या लॅपटॉपसाठी जोड डिस्क: माझा अनुभव

मंचावर कीबोर्डचे सगळे आवाज मी लॅपटॉपवरून वाजवतो. ऐन तालमीत तो सुरूच होईना. एसएसडी, म्हणजे आतली साठवणीची डिस्क, गेली होती. फायलींचा बॅकअप होता, पण विंडोज, प्लगइन (आवाज काढणारी जोड-सॉफ्टवेअरं), लायसन्स पुन्हा बसवण्यात दोन दिवस गेले. तेव्हा पटलं की मला लावली की चालणारी डिस्क हवी.

तेवढ्याच क्षमतेची दुसरी एसएसडी घेतली आणि यूएसबी ३.० केसमध्ये घालून मूळ डिस्कचा पूर्ण क्लोन, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, केला. क्लोन झाल्यावर केबल लगेच काढली, कारण दोन्ही डिस्कची सिग्नेचर (ओळख क्रमांक) एकच असेल तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं.

विंडोज यूएसबीवरून धड बूट होईल याचा भरवसा नसतो, म्हणून स्क्रू काढून नवी डिस्क आतच बसवली. लॅपटॉप सुरू झाला, पण पट्टी दाबली तर पियानो मुका! सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, बाहेरच्या डिस्कवर होते. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं; आधी लावलेल्या पेनड्राइव्हनं तिचं 'ई' अक्षर पटकावलं होतं आणि सॅम्पलची डिस्क 'एफ' झाली होती. प्लगइन बिचारं जुन्याच पत्त्यावर शोधत होतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सॅम्पलच्या डिस्कला 'एस' दिलं, सहसा कोणी घेत नाही असं अक्षर, आणि प्लगइनमध्ये नवा मार्ग दाखवला. मग पुन्हा क्लोन, पुन्हा बसवून अख्खी तालीम त्याच डिस्कवर वाजवली.

आता दर महिन्याला आणि मोठ्या अपडेटच्या आधी क्लोन करतो. डिस्क आणि छोटा स्क्रूड्रायव्हर कीबोर्डच्या बॅगेतच असतात.